बेलमच्या चुनखडीच्या गुहा: स्वतःच्या गाडीने पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली काळ्या गुळगुळीत दगडाची मांडणी असेल, तर तो बहुधा कडप्पा. हा दगड आंध्र प्रदेशातल्या कडप्पा-कर्नूल पट्ट्यातून येतो आणि तो मुळात चुनखडीचाच एक प्रकार आहे. त्याच पट्ट्यात, अगदी सपाट शेतजमिनीच्या पोटात, बेलमच्या गुहा आहेत. एकूण लांबी 3,229 मीटर, त्यातला साधारण दीड किलोमीटर भाग लोकांना पाहता येतो.

आपल्याकडून तिथे जाणारे बरेच जण गंडिकोट्याच्या किल्ल्याला जाता-येता तासभर गाडी थांबवतात, धावत आत जाऊन फोटो काढतात आणि घामाघूम होऊन बाहेर येतात. मग म्हणतात, 'ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही.' मला हे ऐकवत नाही. बेलमची मजा गुहेपासून सुरू होत नाही, ती कर्नूल सोडल्यावर रस्त्यावरच सुरू होते. ज्या दगडातून तुम्ही शेवटी खाली उतरणार, तोच दगड शे-सव्वाशे किलोमीटर तुमच्या दोन्ही बाजूंना असतो. म्हणून रस्त्याला अर्धा दिवस आणि गुहेला अर्धा दिवस द्या. बाकीची सगळी आखणी याच हिशेबाने खाली दिली आहे.

1. आधी नाव पक्कं करा: बेलम, बोरा नव्हे

हा गोंधळ फार होतो. 'आंध्रातल्या गुहा' असं म्हटलं की ट्रॅव्हलवाले हमखास बोरा गुहांची पॅकेजेस दाखवतात. बोरा गुहा विशाखापट्टणमजवळ, अरकूच्या डोंगरात, म्हणजे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याही चुनखडीच्याच आणि सुंदर, पण त्या वेगळ्या सहलीचा विषय आहेत. महाराष्ट्रातून गाडीने जाण्याजोग्या आहेत त्या बेलमच्या.

दुसरा गोंधळ जिल्ह्याचा. जुन्या लेखांत आणि फलकांवर 'कर्नूल जिल्हा' लिहिलेलं दिसेल. एप्रिल 2022 मध्ये आंध्रात नवे जिल्हे झाले आणि बेलम नंद्याल जिल्ह्यात गेलं. मंडल म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा, त्याचं नाव कोलिमिगुंडला. वाट विचारताना 'कोलिमिगुंडला' आणि 'बेलम गुहलु' हे दोन शब्द पुरतात. 'गुहलु' म्हणजे गुहा.

2. केव्हा जायचं

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. यात तडजोड करू नका. रायलसीमेचा, म्हणजे आंध्रच्या या भागाचा, उन्हाळा विदर्भाइतकाच निष्ठुर आहे, आणि गुहेत बाहेरपेक्षा गार असेल ही आपली समजूत इथे खोटी ठरते. आत हवा कोंदट आणि दमट असते. वरून नळ सोडून ताजी हवा आत ढकलतात, तरी अंगाला घामाच्या धारा लागतात. मे महिन्यात बनगानपल्लेचे आंबे रस्त्याकडेला मांडलेले असतात, मोह होतो, पण मुलंबाळं आणि वडीलधारी बरोबर असतील तर तो मोह आवरा.

पावसाळा जून-जुलैपुरता नसतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही तिथे चांगला पाऊस होतो. जोराच्या पावसानंतर खालच्या भागात पाणी आलं तर गुहेचा काही भाग बंद ठेवावा लागतो. त्या दिवसांत निघणार असाल तर आदल्या दिवशी आंध्र प्रदेश पर्यटन विकास महामंडळाच्या कार्यालयात फोन करून विचारून घ्या, कारण गुहांचा कारभार त्यांच्याकडेच आहे.

संक्रांतीचा आठवडा टाळा. आंध्रात तो वर्षातला सर्वांत मोठा सण, सगळं राज्य घरी आलेलं असतं आणि हॉटेलं भरलेली असतात. रविवारीही गर्दी असते. मंगळवार-बुधवार उत्तम. डिसेंबर-जानेवारीत मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशीही शाळांच्या सहली येतात. त्यावरचा उपाय पुढे सांगतो.

3. महाराष्ट्रातून तीन वाटा

पहिली वाट, सोपी पण लांब: पुणे-सोलापूर-हैदराबाद-कर्नूल. सोलापूरपर्यंत अडीचशे किलोमीटर, तिथून हैदराबाद तीनशेच्या वर, पुढे राष्ट्रीय महामार्ग 44 वरून कर्नूल दोनशे पंधराच्या आसपास. रस्ता सगळा मोठा. हैदराबाद शहरात शिरायचं नाही. पटनचेरूजवळ बाह्यवळण मार्गावर चढायचं आणि शमशाबादजवळ उतरायचं. पहिल्यांदाच एवढं लांब चालवणाऱ्याने हीच वाट घ्यावी.

दुसरी वाट: सोलापूर-कलबुर्गी-रायचूर-कर्नूल. दीडेकशे किलोमीटर वाचतात. रस्ता मात्र बराचसा दुपदरी आहे, गावं मधून जातात आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रांगायची तयारी लागते. मंत्रालयमला राघवेंद्र स्वामींच्या दर्शनाला जायचं असेल तर ही वाट सोयीची.

तिसरी वाट हंपीकडून, आणि ही माझी आवडती. सोलापूर-विजयपूर-होस्पेट करून हंपी बघायची, मग बळ्ळारी-गुंतकल-गुत्ती-ताडीपत्री-बेलम. होस्पेटहून बेलम सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना तर हीच जवळची.

गाडी चालवायची नसेल तर मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग सोलापूर, रायचूर, गुंतकल, गुत्ती, ताडीपत्री असाच जातो. ताडीपत्रीहून बेलम तीसेक किलोमीटर. सगळ्या गाड्या ताडीपत्रीला थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढण्याआधी थांबे बघा आणि थांबत नसेल तर गुंतकल किंवा गुत्तीला उतरा. पुढे दिवसभरासाठी गाडी ठरवा. परतीचं भाडं आणि थांबायचे तास आधीच बोलून घ्या, नाहीतर गुहेत असताना बाहेर मीटर चालू असल्याची टोचणी लागते.

4. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं नेहमीचीच, पण तीन राज्यांतून जाणार आहात म्हणून एकदा ताडून पाहा:

- वाहन परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकरमध्ये असली तरी एक छापील प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात असू द्या. पीयूसीची मुदत बघायला लोक हमखास विसरतात.
- फास्टॅगमध्ये दोन्ही बाजूंचा टोल भागेल एवढी रक्कम.
- प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड. लहान गावांतल्या लॉजवर सगळ्यांचं मागतात.
- भाड्याची गाडी असेल तर ती कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र या राज्यांत नेता येते का, हे करारात लिहून घ्या. पिवळ्या पाटीच्या गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, ते मालकाला दाखवायला सांगा. 'सगळं आहे' या तोंडी उत्तरावर निघू नका. परमिट नसेल तर सीमेवरचा कर आणि दंड कोणी भरायचा यावरून ऐन प्रवासात वाद होतो.

सामानात वेगळं असं थोडंच लागतं. तळव्याची पकड चांगली असलेले बूट हवेतच, चप्पल किंवा गुळगुळीत सँडल चालणार नाही. कपडे सुती आणि सैल, बदलायला एक शर्ट गाडीत. एकेक छोटी बॅटरी प्रत्येकाकडे असावी. आत दिवे आहेत, पण वीज गेली तर मोबाइलचा उजेड पुरत नाही, शिवाय तुमचा मोबाइल तोवर फोटो काढून निम्मा उतरलेला असतो. मोठी सॅक गाडीतच ठेवा, अरुंद जागी ती अडकते. रोकड थोडी जवळ असू द्या. गुहेत नेटवर्क नसतं आणि आसपासच्या टपऱ्यांवर यूपीआय कधी चालतं, कधी नाही.

5. कर्नूल ते बेलम: महामार्ग सोडून

कर्नूलला संध्याकाळपर्यंत पोहोचा आणि मुक्काम करा. तुंगभद्रेचा पूल ओलांडला की आंध्र सुरू होतो आणि शहरही. वेळ असेल तर पुलाच्या अलीकडे आलमपूर आहे, बदामीच्या चालुक्यांनी बांधलेला नवब्रह्म मंदिरांचा समूह. बदामी-पट्टदकल पाहिलेल्यांनी तर चुकवू नयेच.

सकाळी सहा-साडेसहाला निघा. नंद्यालच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग 40 धरायचा. वीसेक किलोमीटरवर ओर्वकल्लूचे प्रचंड खडक डाव्या-उजव्या बाजूंना दिसतात. पाण्यमजवळ महामार्ग सोडून उजवीकडे बनगानपल्लेचा रस्ता घ्या. मोबाइलचा नकाशा कधी कधी नंद्यालमार्गे किंवा गुत्तीमार्गे जायला सांगतो. पाच-दहा मिनिटं वाचत असली तरी ऐकू नका. बनगानपल्ले आणि औकू ही दोन नावं मध्ये थांबे म्हणून घाला, म्हणजे तो मुकाट्याने हाच रस्ता दाखवतो.

इथून पुढे गाडी चाळीस-पन्नासच्या वर नेण्यात अर्थ नाही. काळी जमीन, हिवाळ्यात हरभरा, कपाशी आणि ज्वारी, क्षितिजावर एर्रमला टेकड्यांची आडवी रेघ. मग हळूहळू शेताच्या बांधांचं रूप बदलतं. बांध मातीचे नसून फरशीच्या तुकड्यांचे असतात. घरांच्या भिंती, कुंपणं, गुरांच्या गोठ्यांची छपरंसुद्धा फरशीची. रस्त्याकडेला फरशी कापायच्या शेडमध्ये फरश्या उभ्या करून, एकीला एक टेकवून रचलेल्या असतात. करवतीवर पाणी पडत असतं आणि राखाडी चिखलाचा ओघळ शेडमधून थेट रस्त्यापर्यंत आलेला असतो. एखाद्या शेडशी जरूर थांबा. लोक आनंदाने दाखवतात. ओली असताना फरशी काळीभोर दिसते, सुकली की करडी होते, आणि कडेने पाहिलं तर वहीच्या पानांसारखे थर दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळाचे हे थर. आपला सह्याद्री लाव्हाचा, बेसाल्टचा. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्याकडच्या अजिंठा-वेरूळपासून कार्ल्यापर्यंतच्या लेण्या माणसांनी छिन्नीने खोदल्या. चुनखडीत मात्र हे काम पाणी करतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, दगडाच्या भेगांत शिरतं आणि दगड विरघळवत भेगेची बोळ करतं, बोळीचं दालन. एवढं शेडमध्ये उभं राहून मुलांना सांगितलं तर गुहेत गेल्यावर तीच तुम्हाला भेगा दाखवायला लागतात.

बनगानपल्ले हे आंब्याचं गाव. इथल्या आंब्याला 2017 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथे टाकी भरून घ्या, चहा घ्या, टायरची हवा बघा. पुढे पंप आहेत, पण विरळ.

गावापासून अकरा-बारा किलोमीटरवर यागंटी. उमा-महेश्वराचं विजयनगरकालीन मंदिर, डोंगराच्या कुशीत, बारमाही पाण्याची पुष्करणी आणि वरच्या कड्यात नैसर्गिक गुहा. नंदी दरवर्षी वाढतो अशी लोकांची श्रद्धा आहे, म्हणून त्याच्याभोवती प्रदक्षिणेला जागा उरली नाही म्हणतात. सकाळच्या वेळी अत्यंत प्रसन्न जागा. पण यागंटी केलंत तर बेलमला दुपार होते, हे लक्षात घ्या. मुक्काम बनगानपल्लेत किंवा नंद्यालमध्ये केला असेल तर दोन्ही नीट जमतं. कर्नूलहून निघाला असाल तर यागंटी परतीच्या दिवसासाठी ठेवा.

पुढे औकूचा जलाशय लागतो. श्रीशैलमच्या उजव्या कालव्याचं पाणी इथे साठवतात. बांधावरून दिसणारं निळं पाणी आणि पलीकडच्या तांबूस टेकड्या, एवढ्यासाठी दहा मिनिटं उतरायला हरकत नाही. त्यानंतर कोलिमिगुंडला आणि मग बेलम.

या रस्त्यावरचे सापळे तीन. फरशी वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून फरश्या मागे हातभर बाहेर आलेल्या असतात आणि त्यांना मागचा दिवा क्वचितच असतो, म्हणून अंधारात हा रस्ता चालवूच नका. दुसरा, सुगीच्या दिवसांत रस्त्यावरच धान्य वाळत घालतात, त्याभोवती दगड मांडलेले असतात. धान्यावरून गाडी नेऊ नका आणि दगडावरूनही नाही. तिसरा, मेंढ्यांचे कळप. हॉर्न वाजवून फायदा नसतो, इंजिन बंद करून कळप जाऊ द्या.

6. तिकीटखिडकीपाशी

गुहा सकाळी 10 ते संध्याकाळी 5 या वेळेत उघड्या असतात. शाळेच्या सहलींवरचा उपाय हाच की दहाला दारात हजर राहायचं. सहलींच्या बस बहुतेक अकरानंतर येतात, तोवर तुम्ही निम्म्याहून जास्त आत असता. उशीर झालाच तर दुपारी दोन-अडीचनंतर जा, मधला वेळ नको. शेवटच्या तासात घुसून धावपळ करण्यापेक्षा जवळ मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी जाणं केव्हाही चांगलं.

पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं की आपण चुकलो. डोंगर नाही, कडा नाही. एक मोठा बुद्धाचा पुतळा, बाग, आणि सपाट माळ. गुहेचं तोंड म्हणजे जमिनीला पडलेलं विहिरीसारखं भगदाड. अशी तीन भगदाडं आहेत, त्यातल्या मधल्यातून लोखंडी जिन्याने खाली उतरायचं.

दारात महामंडळाचे गाइड असतात. घ्या. तेलुगू आणि बऱ्यापैकी हिंदी बोलतात. कुठली बोळ कुठे जाते हे त्यांना पाठ असतं आणि कोपऱ्यातली जी रूपं आपल्याला एरवी दिसणार नाहीत ती ते दाखवतात. मात्र सुरुवातीलाच सांगा की आम्हाला दोन तास लागतील, तळाच्या पाताळगंगेपर्यंत जायचं आहे. तसं न सांगितल्यास गर्दीच्या दिवशी चाळीस मिनिटांत बाहेर काढतात.

शौचालय वरच उरकून घ्या. पाणी पिऊन घ्या आणि एक छोटी बाटली हातात ठेवा. खाण्याचं काहीही आत नेऊ नका.

7. आत

जिना उतरल्यावर दोन मिनिटं नुसते उभे राहा. डोळ्यांना अंधाराची आणि छातीला हवेची सवय होऊ द्या.

या गुहांची नोंद 1884 मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने केली. हे तेच फूट, ज्यांना 1863 मध्ये चेन्नईजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली आणि भारताच्या प्रागैतिहासिक संशोधनाला सुरुवात झाली. 1884 च्या नोंदीनंतर मात्र जवळजवळ शंभर वर्षं गुहांचं कोणी नीट मोजमाप केलं नाही. 1982-83 मध्ये डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने सरपटत, रांगत आतल्या बोळी मोजून नकाशा केला. गावालगतचा कचरा इथे टाकला जायचा, तो प्रकार 1988 पर्यंत चालू होता. स्थानिक लोकांनीच पुढाकार घेऊन तो थांबवला, 1999 मध्ये पर्यटन महामंडळाने काम हाती घेतलं आणि 2002 मध्ये गुहा लोकांसाठी खुल्या झाल्या. आत चालताना पायाखाली जी सरळ वाट आहे ती उगीच नाही, गाळ उपसून ती मोकळी केलेली आहे. जैन आणि बौद्ध भिक्षू इथे राहत असत, त्यांच्या वास्तव्याच्या खुणा मिळाल्या आहेत. त्याहून जुनी भांडीही सापडली, ती अनंतपूरच्या संग्रहालयात आहेत.

सुरुवातीचा भाग प्रशस्त आहे. सिंहद्वार म्हणजे लवणस्तंभांची, म्हणजे झिरपत्या चुन्याने झालेल्या दगडी खांबांची, नैसर्गिक कमान, सिंहाच्या डोक्यासारखा आकार असलेली. ध्यानमंदिर प्रवेशापासून जवळच आहे. तिथे दगडाचा आकार उशीसकट बिछान्यासारखा झाला आहे आणि ऋषी इथे राहत असत असं सांगतात.

पुढे बोळी अरुंद होत जातात. एका ठिकाणी छत इतकं खाली येतं की कमरेत वाकून चालावं लागतं. डोकं सांभाळा, विशेषतः उंच माणसांनी, कारण सगळं लक्ष पायांकडे असतं. भिंतींवरून हात फिरवून पाहण्याजोगी जागा हीच, गाइड सांगेल तिथे. पाण्याने दगड असा घासला आहे की कुठे टोक उरलेलं नाही.

कोटिलिंगालूच्या दालनात छतातून आणि जमिनीतून शेकडो छोटे लिंगाकार तयार झाले आहेत, आणि एक प्रचंड खांब, वरून आलेला आणि खालून वाढलेला एकमेकांना मिळून झालेला. हे कसं होतं ते इथेच समजतं. छतातून थेंब झिरपतो, त्यातला वायू उडून जातो, विरघळलेला चुना कणभर मागे राहतो. तो छताला चिकटला की लोंबणारा लवणस्तंभ, जमिनीवर पडला की उभा. या लवणस्तंभांना हात लावू नका. आपल्या हाताचं तेल लागलं की त्या जागी पाण्यातला चुना धरत नाही आणि वाढ खुंटते. काही ठिकाणी हात लागून लागून चकाकणारे काळपट डाग पडले आहेत, ते पाहून वाईट वाटतं.

हजार फणांच्या दालनात मान वर करून पाहा, नागाने फणा उभारावा तशा आकारांनी छत भरलं आहे. वडाच्या झाडाचं दालन आणखी पुढे, मधोमध खोडासारखा खांब आणि छतातून उतरलेल्या पारंब्या. फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवा. पिवळ्या दिव्यांत फ्लॅश मारला की सावल्या मरतात आणि दगड सपाट येतो. मोबाइल भिंतीला किंवा कठड्याला टेकवून नाइट मोडवर काढलेला फोटो कितीतरी चांगला येतो.

सप्तस्वरांची गुहा 2006 मध्ये खुली झाली. इथले लवणस्तंभ लाकडी काठीने किंवा बोटाच्या पेराने हलकेच वाजवले की धातूसारखा नाद देतात. हे गाइडलाच करू द्या. प्रत्येकाने एकेकदा टकटक केलं तर वर्षाकाठी त्या दगडाचं काय होईल याचा विचार करा आणि मुलांना आधीच बजावून ठेवा.

शेवटी पाताळगंगा, गुहेतला सर्वांत खोल भाग, जमिनीपासून 46 मीटर खाली. निमुळत्या वाटेने उतरायचं, पायऱ्या ओल्या असतात, घाम इथे सर्वांत जास्त येतो. बारीकसा बारमाही झरा आहे, खडकातून येतो आणि खडकातच गडप होतो. दोन किलोमीटरवरच्या बेलम गावातल्या विहिरीत तोच निघतो असं गावकरी मानतात. या गुहा खोदणारं पाणी केव्हाच आटलं आहे. त्याचा जिवंत उरलेला अंश बघायचा तो इथेच. म्हणून दमलात तरी हा टप्पा सोडू नका.

8. कोणी जपून जावं

दमा, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि आत गेल्यावर सुरुवातीच्या मोठ्या दालनांपर्यंतच जावं. तेवढ्यातही बरंच पाहून होतं. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना जिने आणि वाकणं दोन्ही जड जातं. बंद जागेची भीती वाटते त्यांनी गाइडला आधी सांगावं, तो अरुंद बोळी टाळून नेतो. कडेवरच्या बाळाला घेऊन पाताळगंगेपर्यंत जाणं मला पटत नाही. वरच्या बागेत एकाने थांबायचं आणि पाळीपाळीने जायचं, हे बरं. श्वास लागला तर जिथे हवेचा झोत येतो त्या नळाखाली थांबा, घाईने वर धावू नका.

9. खाणं आणि मुक्काम

गुहेजवळ महामंडळाचं हरिता हॉटेल आहे. तिथे जेवण मिळतं, पण गर्दी नसलेल्या दिवशी सांगून मग करतात, तेव्हा आत जाण्याआधीच सांगून ठेवा. ताडीपत्री आणि जम्मलमडुगू इथे लॉज आणि खानावळी मिळतात.

न्याहारीला उग्गाणी आणि मिरचीची भजी मागा. आपल्या सोलापूर-लातूरकडच्या सुशीलेचीच ती बहीण: भिजवलेले चुरमुरे, डाळ्याचं कूट, लिंबू. कारम दोसा झणझणीत असतो, मुलांसाठी साधा सांगा. दुपारी रागी संकटी (नाचणीचा उकडलेला गोळा) आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली तर सोडू नका. मात्र ती गुहेआधी खाऊ नका, पोट जड होतं.

10. पुढे कुठे: गंडिकोटा की गुत्ती

दुपारी दीड-दोनला बाहेर आलात की दोन पर्याय असतात.

गंडिकोटा साठेक किलोमीटर, जम्मलमडुगूमार्गे. पेन्ना नदीने तांबड्या खडकात कापलेली घळ आणि तिच्या काठावर किल्ला. गोवळकोंड्याचा सरदार मीर जुमला याने 1650 च्या सुमारास तो घेतला. आत माधवराय मंदिर, जामा मशीद आणि धान्याचं कोठार आहे. सूर्यास्ताला सगळे घळीच्या कडेला गोळा होतात, तिथे कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. महामंडळाच्या हरितामध्ये खोली हवी असेल तर शनिवार-रविवारसाठी बरंच आधी आरक्षण करावं लागतं.

परतीला हंपीची वाट धरणार असाल तर ताडीपत्रीवरून गुत्ती. ताडीपत्रीत पेन्नेच्या काठचं बुग्गा रामलिंगेश्वर आणि गावातलं चिंतल वेंकटरमण ही दोन मंदिरं पाहा, दगडावरचं इतकं बारीक काम या भागात दुसरीकडे नाही. आणि गुत्तीचा किल्ला मराठी माणसाने चुकवू नये. अठराव्या शतकात तो मुरारराव घोरपड्यांचा होता. 1751 मध्ये अर्काटच्या वेढ्यात इंग्रजांच्या मदतीला धावून गेलेले ते हेच. हैदर अलीने 1776 मध्ये मोठ्या वेढ्यानंतर गुत्ती घेतली आणि मुरारराव कैदेतच वारले. डोंगर तीनशे मीटरच्या आसपास उंच, चढायला तास-सव्वा तास लागतो आणि वर पाण्याची सोय नाही. गुहेत घाम गाळून आल्यावर त्याच दिवशी चढू नका. गुत्ती किंवा गुंतकलला मुक्काम करा, सकाळी सातच्या आत पायथ्याशी या, दोन लिटर पाणी बरोबर घ्या. दहापर्यंत खाली उतरलात की बळ्ळारीमार्गे संध्याकाळच्या आत होस्पेट गाठता येतं.